आमच्याच ब्लॉकखाली

मला शेजारच्या म्हातारीचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी 'अगंबाई, असं कसं' म्हणायला नको. म्हातारी सत्तरीच्या पुढची. पायात रबरी सपाता, पांढऱ्या केसांचा बॉबकट, आणि दोन्ही किडन्या निकामी. अशा बाईचा हेवा करायची वेळ यावी म्हणजे कर्मच माझं! पण वाटतो, त्याला मी काय करू?

आम्ही सिंगापुरात, बुकित बातोकला सरकारी वसाहतीतल्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. नवरा आयटीत, एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर. पुण्याहून निघताना सगळ्यांना 'दोनच वर्षं' असं सांगून निघालो होतो. मुलगी इथल्या शाळेत मोठी झाली, मी मराठीत ओरडले तर 'रिलॅक्स लाह, ममा' म्हणते, तरी आमची दोन वर्षं काही संपलेली नाहीत. सोफासुद्धा मी असा घेतलाय की जाताना विकायला सोपा पडावा. कायमच्या रहिवासाचा, पीआरचा विषय निघाला की नवरा म्हणायचा, "कशाला? पुढच्या वर्षी जायचंच आहे." आणि मीही मान हलवायचे. आमच्या ओळखीतल्या निम्म्या मराठी घरांतून हे 'पुढच्या वर्षी' असंच लोणच्यासारखं मुरत पडलेलं आहे.

इथल्या इमारतींचा तळमजला मोकळा असतो. नुसते खांब, दगडी बाकं, आणि आरपार वाहणारा वारा. आमच्या ब्लॉकखाली एका बाजूला बालवाडी आहे आणि दुसऱ्या बाजूला, काचेच्या दारामागे, डायलिसिस सेंटर. शेजारची म्हातारी, तिला सगळा ब्लॉक आमा, म्हणजे आजी, म्हणतो, आठवड्यातून तीनदा लिफ्टनं खाली उतरते आणि त्या दारातून आत जाते. चार तासांनी बाहेर येते आणि लिफ्टनं वर. दवाखान्यात जाते आहे की कोपऱ्यावरून कोथिंबीर आणते आहे, कळायचं नाही.

बाबा गेल्यावर मी आईला इकडे आणलं, लांब मुदतीच्या व्हिजिट पासवर. मला वाटलं, आईला करमणार नाही. कसलं काय! पंधरा दिवसांत आमाशी गट्टी. आमाला चिनी आणि थोडी बाजारी मलय येते, आईला मराठी आणि मराठी. तरी दोघी तासन् तास बाकावर बसून बोलत असायच्या. आई म्हणायची, "अगं, तिची सून काही धड नाही हं." मी विचारायचे, "तुला कसं कळलं?" "तिनं सांगितलं की." आमाला सूनच नाही. ती आपल्या मुलीकडे राहते. पण आईपुढे कोण बोलणार?

आमा आत गेली की आई बाहेर बाकावर तिची पिशवी सांभाळत बसायची. पहिल्या दिवशी ती बाहेर आल्यावर आईनं कौतुकानं केळं पुढे केलं. आमानं आईच्या हातावर चापट मारली आणि जोरजोरात मान हलवली. आई घरी येऊन फणफणली, "एवढं प्रेमानं दिलं, तर मारलंन् मला!" मग आमाच्या मुलीनं मला सांगितलं की डायलिसिसवाल्यांना केळं चालत नाही, नारळपाणी चालत नाही, पाणीसुद्धा मोजून. आमाची मुलगी माझ्याच वयाची, बँकेत कामाला, लग्न केलेलं नाही, बोलायला फटकळ. तेव्हा मला ती आवडायची.

मग आईचे पाय सुजायला लागले. मला वाटलं, बसून बसून. आईला वाटलं, मीठ जास्त होतंय. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं की किडन्या दमल्यात, आता डायलिसिस लवकर सुरू करायला लागेल, थांबून चालणार नाही.

खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? बरं झालं, खालीच आहे. दुसऱ्याच सकाळी मी आईला न सांगता त्या काचेच्या दारातून आत गेले. तिथली बाई इतकी नम्र की मला तिच्यावर रागावतासुद्धा येईना. म्हणाली, इथल्या जागा आणि सवलत नागरिकांना आणि पीआरना. व्हिजिट पासवर असाल तर खासगी सेंटर, आणि तिथे खर्च पूर्ण तुमचा. कंपनीच्या विम्यात आईवडील नाहीत. नवरा संध्याकाळी कागद घेऊन बसला आणि हिशेब मांडून त्यानं तो कागद उलटा ठेवला. महिना-दोन महिन्यांचं नव्हे, आईच्या जन्मभराचं दुखणं होतं ते.

"आपण पण इथे कर भरतो ना?" मी म्हटलं.

"भरतो. पण कर भरणं वेगळं आणि इथलं असणं वेगळं," नवरा म्हणाला.

"मग इथलं व्हायला कुणी अडवलं होतं?"

तो उठून ताटं घ्यायला लागला. मीही वाट्या मांडल्या, कारण मान मीही हलवली होती.

म्हणजे प्रश्न एवढाच उरला होता, आई माझ्याजवळ राहणार की पुण्याला दादाकडे जाणार. माझ्याजवळ राहायचं तर डायलिसिस इथे हवं. ते होतं, अगदी आमच्याच ब्लॉकखाली. लिफ्टनं खाली गेलं की समोर. पण आमच्यासाठी नव्हतं.

त्यानंतर आमा लिफ्टमध्ये भेटली की मी मजल्यांचे आकडे बघत बसायचे आणि ते दयेपोटी नव्हतं हो. हिला मिळतं! रबरी सपाता घालून जाते नि येते मेली, आणि वर दारात उभी राहून मला हसून विचारते, "युवर मदर, ईट ऑलरेडी?" मी दात दाखवायचे.

नेमकं त्याच सुमारास सगळीकडे आरोग्याच्या खर्चाची चर्चा सुरू होती. सरकार विम्याचे नियम बदलणार, हप्ते वाढणार, मोठ्या बिलातला काही भाग लोकांनी स्वतः भरावा म्हणणार. कॉफीशॉपमध्ये तेच, बसमध्ये तेच. आमच्या कम्युनिटी क्लबात रहिवाशांची सभा ठेवली होती. प्रश्न विचारा, अधिकारी उत्तरं देतील. आमाची मुलगी मला म्हणाली, चल, नंतर खायला बी हूनच्या शेवया आणि करीपफ असतात. आई आमाजवळ बसली होती. मी गेले.

काय सांगू त्या सभेचं! माइक हातात आला की जो तो तक्रारीच्या पेटीचं झाकणच उघडत होता. अर्ध्या चड्डीतले एक अंकल उभे राहिले, "एव्हरीथिंग गो अप, ओन्ली माय हेअर ड्रॉप!" सगळे हसले. एक बाई म्हणाली, गुडघ्याच्या ऑपरेशनला इतके महिने थांबायला लावतात. कुणी म्हणालं, सवलत मिळते, पण डॉक्टर निवडता येत नाही. कुणी म्हणालं, आम्ही तरुणपणी हप्ते भरले, आता म्हातारपणी पुन्हा भरायचे का? अधिकारीबाई समजावत होत्या की लोक म्हातारे होताहेत, औषधं महाग होताहेत, कुणीतरी भरल्याशिवाय भागणार नाही. मुद्दे दोन्हीकडचे खरे होते, हे मलाही कळत होतं.

पण मला काय झालं म्हणता? मला त्यांच्या तक्रारींचाच हेवा वाटायला लागला. अरे, तुम्हाला रांगेत थांबावं लागतं म्हणून तुम्ही ओरडताय, तुम्हाला रांग तरी आहे! सवलत कमी पडते म्हणायला आधी ती असावी लागते. त्या अंकलच्या टकलाचासुद्धा हेवा वाटला मला. स्वतःच्या घरात उभं राहून माणूस जसा 'आज आमटी पाणचट झालीये' म्हणतो, तसे ते बोलत होते. पाहुणीला असं म्हणता येत नाही. पाहुणी म्हणते, 'वा, छान झालीये,' आणि मुकाट जेवते.

आमाच्या मुलीनं हात वर केला. तिनं आधी हप्त्यांवरून अधिकारीबाईंना चांगलंच धारेवर धरलं. मला वाटलं, संपलं. तर ती म्हणाली, आणखी एक. माझ्या शेजारणीची आई. माझ्या आईसारखीच आजारी, त्याच ब्लॉकमध्ये. माझी आई खाली जाऊ शकते, तिची नाही. व्हाय?

मी खुर्चीत अशी बसले की जमीन दुभंगली तर बरं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "फॉरिनर, व्हॉट." कुत्सितपणानं नव्हे, नुसतं कारण सांगितल्यासारखं. अधिकारीबाईंनी फार सौम्यपणे उत्तर दिलं. ऐकून वाईट वाटतं, म्हणाल्या, पण पैसा मर्यादित आहे, पहिला हक्क इथल्या माणसांचा, नाहीतर आत्ता तुम्ही जे हप्ते जास्त म्हणताय ते आणखी वाढतील.

सगळ्यांनी माना डोलावल्या. आमाच्या मुलीनंही. माझ्यासाठी प्रश्न विचारायला उठली तीच, आणि उत्तर पटलं तेही तिलाच. मला इतका राग आला, इतका राग आला, की करीपफ न खाताच मी निघाले. रस्ताभर मनात तिला शिव्या घातल्या. आणि लिफ्टपाशी येईपर्यंत मला हेही कळून चुकलं होतं की मी तिच्या जागी असते तर मीही मान डोलावली असती. माझ्या आईच्या डायलिसिसच्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाची आई बसवायची म्हटल्यावर मी काय केलं असतं, ते मला पक्कं माहीत आहे.

वर आले तर आई बॅग काढून बसलेली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. "दादाकडे जाते मी," म्हणाली. "तिथे दवाखाना रिक्षानं दहा मिनिटांवर आहे. तू उगीच तोंड पाडून बसू नकोस."

"इथे लिफ्टनं खाली आहे," मी म्हटलं, आणि मग मला रडूच आलं.

"असू दे. ते तिचं आहे," आई म्हणाली.

जायच्या दिवशी आमा आली आणि तिनं आपलं लोकरीचं जाकीट आईच्या अंगावर घातलं. आत फार थंडी असते, रक्त बाहेर फिरून येतं ना, माणूस गारठतो, हे तिनं खांदे आखडून, दात वाजवून दाखवलं. मी आईसाठी पर्स घेतली होती, चांगली, मॉलमधली. आई विमानात जाकीट घालून गेली. पर्स बॅगेत.

आता माझा हेवा पुण्यालाही पोचलाय. वहिनी आईला दवाखान्यात नेते, वहिनी डबा करते, वहिनीला माहीत असतं आई किती पाणी प्यायली. वहिनी बिचारी दमते, मला कळतं. एकदा फोनवर म्हणाली, "ताई, तुम्ही सुटलात." तिला काही वाईट म्हणायचं नव्हतं. पण दोन दिवस मी तिला फोन केला नाही.

आईला मात्र मी रोज व्हिडिओ लावते. ती उचलते, मी विचारते, जेवलीस का, पाय कसे आहेत. ती म्हणते, "बरे आहेत. आमा आली का वर?"

मग मी फोन घेऊन शेजारी जाते. आमाला बोटांनी नीट धरता येत नाही, म्हणून फोन मीच धरते. आई तिकडे ते जाकीट घालून बसलेली असते. आमा आपल्या दंडावरची, डायलिसिसच्या सुयांसाठी जोडून फुगवलेली नस पडद्याला लावते, आई आपली लावते, दोघी कुणाची चांगली झालीय ते बघतात. आई मराठीत सांगते, आमा चिनीत, आणि दोघी हसतात. कशाला हसतात, मला कळत नाही. मी विचारलं तर आई म्हणते, "तुला नाही कळायचं ते." कधीकधी आमा केळं दाखवून मान हलवते आणि आई तिथून तिला चापट मारल्यासारखं करते.

काल माझा हात भरून आला म्हणून मी फोन जरा दुसऱ्या हातात घेतला. वाटलं, तेवढ्यात मीही एकदा दिसेन आईला.

"हलवू नकोस गं हात," आई म्हणाली, "ती दिसत नाही."