प्रिंटरच्या मागचा जोड

मी पाइप फिटर. सातवीत दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा शाळेनंच माझ्यापुढं हात टेकले. पुढं अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात पाइप जोडत आयुष्य गेलं. माझ्या उस्तादानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मधला जोड म्हणजे गळतीची जागा. जिथं एक पाइप पुरतो तिथं दोन लावू नकोस. हे मी इतकं पाळलं की एकदा त्यापायी बायकोच्या तोंडचं पाणी पळवलं.

बायको माझ्यापेक्षा शिकलेली. ब्याऐंशी साली लग्न झालं तेव्हा ती उल्हासनगरला टायपिंगच्या क्लासला जायची. मराठीची परीक्षा पास होती. तिची बोटं मी पहिल्यांदा टाइपरायटरवर बघितली आणि मनात म्हटलं, हिच्याशी भांडताना जपून. पुढं ती कुळगावच्या आमच्या दोन खोल्यांत घरीच लग्नपत्रिका जुळवायला लागली. आधी टाइपरायटर होता, मग पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमारास एक जुना कॉम्प्युटर आणि जुना लेझर प्रिंटर आला. त्या कॉम्प्युटरात मराठी अक्षरांचा एक प्रोग्राम होता, आणि त्यातली बटणं टाइपरायटरसारखीच होती. म्हणून तिची बोटं तिथंही तशीच धावायची. ती बटर पेपरवर पत्रिका काढून द्यायची आणि उल्हासनगरचा प्रेसवाला त्यावरून छापायचा.

त्याच सुमाराला माझा कारखाना बंद पडला. म्हणजे घरात कमावणारी ती आणि भाजी आणणारा मी. तिनं कधी तोंडातून शब्द काढला नाही. पण बाईमाणूस गप्प राहिलं की पुरुषाला जास्त ऐकू येतं.

नव्याण्णवला जुना कॉम्प्युटर मधेच बंद पडायला लागला. तिनं नवा घ्यायचं ठरवलं. उल्हासनगरचा एक सिंधी दुकानदार कॉम्प्युटर जोडून विकायचा, तो जुना डबा बदल्यात घेणार होता. नेमकं त्याच आठवड्यात अंबरनाथच्या एका बाईनं पोरीच्या लग्नाची पत्रिका दिली. आमच्यातलंच लग्न, वर बुद्धाचं चित्र, निळी चौकट, आणि खाली नातेवाइकांची नावं इतकी की रेशनकार्ड बरं. बाईचा दीर रविवारी गावाला निघणार होता आणि पत्रिका त्याच्याबरोबरच जायच्या होत्या. म्हणून बटर पेपर शनिवारी दुपारपर्यंत प्रेसवर पोचायला हवा होता. बायकोनं बाईला शब्द दिला होता. आणि तिचा शब्द म्हणजे वेल्डिंग.

मी म्हटलं, सगळं इकडचं तिकडं मी करतो. कारखान्यात बारा-बारा टनांची मशिनं हलवली, हा डबा काय. ती म्हणाली, शनिवार होऊ द्या, मग हलवू. मी ऐकतोय कशाला. ती कल्याणला कागद आणायला गेली त्या दिवशी मी कामाला लागलो. कारखान्याच्या पद्धतीनं प्रत्येक वायरीला ऑइल पेंटनं नंबर घातला, भोकालाही तोच नंबर. प्रोग्राम हलवायचा म्हणजे काय ते मला माहीत होतं. ती उंदीर धरून चित्र ओढते आणि फ्लॉपीवर सोडते, हे मी रोज बघायचो. मी मराठी प्रोग्रामचं चित्र ओढलं आणि फ्लॉपीवर सोडलं. पानाला चुना लावायच्या आत काम झालं. मला वाटलं, उगाच घाबरवतात माणसाला.

मग वायरी सोडवल्या. कॉम्प्युटरच्या मागं, प्रिंटरची वायर जिथं लागते तिथं, काड्यापेटीएवढा एक तुकडा मधे लावलेला होता. एका बाजूनं कॉम्प्युटरला, दुसऱ्या बाजूनं वायरीला. त्याला नंबर घालायला ब्रश उचलला आणि थांबलो. वायर तर थेट बसत होती, मग हा कशाला मधे? मधला जोड. काढला. नवा डबा टेम्पोतून येताच वायर थेट लावली, प्रिंटरनं इंग्रजी कागद झकास काढला. जुना डबा त्याच टेम्पोतून उल्हासनगरला गेला.

संध्याकाळी ती आली. वायरींचे नंबर बघून हसली, मला बरं वाटलं. मग तिनं फ्लॉपी घातली आणि मराठी प्रोग्रामचं चित्र दाबलं. पडद्यावर एक छोटी टॉर्च आली आणि इकडून तिकडं फिरायला लागली, जणू अंधारात हरवलेली चप्पल शोधतेय. बराच वेळ शोधून तिनं कळवलं की काही सापडत नाही.

बायकोनं मला समजावलं, आवाज न चढवता. ते चित्र म्हणजे दारावरची पाटी. तुम्ही पाटी आणलीत, घर तिकडंच राहिलं. आणि घर टेम्पोतून गेलं. मी म्हटलं, मग आता? ती उठली, कपाटातल्या शालूच्या घडीतून सात फ्लॉप्या काढल्या. प्रोग्राम विकत घेतला तेव्हाच्या मूळ फ्लॉप्या. शालूत का ठेवल्या विचारलं तर म्हणाली, तुम्ही शालूला हात लावत नाही म्हणून.

शुक्रवारी सकाळी सातही फ्लॉप्या एकामागून एक घातल्या. प्रोग्राम बसला, चित्र आलं, मी टाळी वाजवली. तिनं उघडला तर इंग्रजीत पाटी आली. तिनं वाचून सांगितलं की प्रोग्रामचं लॉक सापडत नाहीये. चोरून वापरू नये म्हणून कंपनी असं काहीतरी देते, ते असल्याशिवाय प्रोग्राम चालत नाही, एवढं तिला ठाऊक होतं. पण ते दिसतं कसं, दोघांनाही माहीत नव्हतं. पहिल्या वेळी ज्यानं सगळं बसवून दिलं त्यानंच लावलं असणार. तिला वाटलं, जुन्या डब्याच्या पोटात असेल. मला तर खात्रीच होती. मी म्हटलं, त्या दुकानदारानं मुद्दाम ठेवून घेतलं. दुकान फोन उचलेना, शुक्रवारी बंद असायचं.

त्या दिवशी ती स्टेशनजवळ कॉम्प्युटरवर मराठी टाइप करून देणाऱ्या दुकानात जाऊन आली. त्यांच्याकडची बटणं वेगळी, तिची बोटं अडखळली, अर्ध्या तासात बुद्धाच्या खालची एक ओळ झाली. घरी येऊन भाकरी थापताना म्हणाली, "उद्या नाही झालं तर त्या बाईला काम दुसरीकडं द्यायला सांगते. एकदा शब्द गेला की मग कोण येतंय आपल्याकडं." भाकरी करपली. ती करपलेली मीच खाल्ली.

शनिवारी दुकान उघडायच्या आधी मी उल्हासनगरात. दुकानदारानं कुलूप काढलं आणि मी सुरू. माझं लॉक ठेवून घेतलंस, गरिबाच्या पोटावर पाय देतोस, आमच्या घरात बाई कमावते आणि तू असं करतोस. बोलता बोलता हे शेवटचं तोंडातून गेलं, ते मला आजही आठवतं. त्यानं आधी उदबत्ती लावली, मग आमचा डबा पुढं ओढून पाठ दाखवली. म्हणाला, "साईं, पीछे तो कुछ नहीं है. लॉक ऐसा होता है." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या मशीनमागचा एक तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला.

काड्यापेटीएवढा. एका बाजूनं कॉम्प्युटरला, दुसऱ्या बाजूनं वायरीला.

मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं बघितलं. त्यानं चहा मागवला. मी तो उभ्यानं प्यायलो, माफी मागितली आणि निघालो. त्याला सगळं कळलं असणार, पण हसला नाही. भला माणूस.

घरी आलो तर अंबरनाथची बाई चटईवर बसलेली, बायको हातानं कागदावर पत्रिका लिहून दाखवत होती, निदान नावं तरी तपासून घ्या म्हणून. मी तडक मोरीजवळचा माझा पत्र्याचा डबा ओढला. फिटरचा डबा. काढलेलं काही टाकायचं नाही, कधीतरी लागतं, ही दुसरी शिकवण. वर्तमानपत्रावर सगळा ओतला. नट, वॉशर, सायकलचा व्हॉल्व्ह, नळाची मुंडी, आणि त्यात तो. पायजम्याला पुसला, कॉम्प्युटरच्या मागं लावला, त्याला वायर लावली.

बायको बघत होती. म्हणाली, "तुम्ही उल्हासनगरला कशाला गेला होतात?"

"विचारायला."

"काय?"

"माझ्या डब्यात काय आहे ते."

आधी ती बाई हसली, मग ही. मग हिची बोटं सुरू झाली आणि माझ्या छातीतला बोल्ट सैल झाला. बटर पेपर घेऊन मीच प्रेसवर गेलो, दुपारच्या आत. पत्रिका रविवारी गावाला गेल्या. पुढं त्या बाईनं आणखी तीन लग्नं आमच्याकडं पाठवली.

त्या दिवशी परत आलो तर लॉकवर एक चिठ्ठी चिकटवलेली. तिनं छापलेली, त्याच मराठी अक्षरांत: याला हात लावू नये. खाली बारीक अक्षरात: फिटरनं तर मुळीच नाही.

पुढं लॉक नको असलेले प्रोग्राम आले, मग तिचे डोळे थकले, काम थांबलं. कॉम्प्युटर गेला, प्रिंटर गेला. ती जाऊन आता सव्वा वर्ष झालं. परवा मोरीचा नळ ठिबकायला लागला म्हणून वॉशर शोधायला डबा वर्तमानपत्रावर ओतला, तर त्यात हे लॉक, चिठ्ठीसकट. मी ठेवलं नव्हतं. म्हणजे तिनंच कधीतरी ठेवलं. काढलेलं टाकायचं नाही, हे ती माझ्याकडून शिकली असेल तर तेवढं एकच शिकली.

मी चिठ्ठी वाचली. तो तुकडा सोडून बाकीचं एकेक उचलून डब्यात भरलं. मग तो वर्तमानपत्रासकट उचलला आणि तसाच आत सोडला, हात न लावता. वॉशर घ्यायचा राहिला. फिटरच्या घरचा नळ अजून ठिबकतोय.