सतराव्या नंबरची सही

आमच्या गावात पार्बताबाईचं नाव निघालं की लोक आवाज खाली करतात. डूख धरणारी बाई, म्हणतात. मी तिच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, शेजारी. तीस वर्षं तिला फुलं खुडताना पाहत आलो, म्हणून सांगतो, डूख तिनं धरला हे खरं आहे. कशापायी धरला, तेही ऐकून घ्या.

बाळापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्याच्या काठावर तिचं दोन एकर वावर. झेंडू, शेवंती, कडेनं वांगी. ही गोष्ट सुरू झाली तेव्हा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. मुलगी गीतांजली बाळापूरला टायपिंगच्या दुकानात कामाला. बाई पहाटे फुलं खुडायची, ओल्या लुगड्यात गाठोडं बांधायची आणि डोक्यावर घेऊन सडकेवरच्या फाट्यावर यायची. तिथून साडेपाचचा ऑटो अकोल्याच्या फूलबाजारात जातो. वावरापासून फाटा दहा मिनिटं, कारण मध्ये फक्त सरकारी गायरान. आमच्याकडे त्याला ई-क्लास म्हणतात. त्यातून बैलगाडीची चाकोरी गेली होती, तिच्या सासऱ्याच्याही आधीची. नकाशावर ती कुठंच नव्हती. चाकोरीला कागद लागतो, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात कधी आलंच नाही.

तीन वर्षांपूर्वी संक्रांतीला ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुकारा झाला. यंदा हळदीकुंकू पंचायतीच्या सभागृहात, आणि विधवा बायांनाही मानाचं बोलावणं. सरपंच खुशालरावांची बायको साधना स्वतः पार्बताबाईच्या दारात आली.

"काकू, तुमी आल्याबिगर वाण वाटनार नाई मी."

पार्बताबाईनं पेटीतलं जांभळं लुगडं काढलं. सभागृहात साधनाबाईनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं, तेव्हा तिनं डोळे मिटून मान पुढं केली, असं माझी बायको सांगते. वाण म्हणून स्टीलचा डबा मिळाला, आणि पुढं एक रजिस्टर आलं. "वाण पोचल्याची सही करा." बाकीच्या बायांनी अंगठे उमटवले. पार्बताबाई साक्षरतेच्या वर्गात सही शिकलेली. तिनं सावकाश, एकेक अक्षर गिरवत सही केली. घरी येताना तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला नाही. कपाळ उघडं ठेवून ती साऱ्या गल्लीतून चालत आली.

मे महिन्यात ई-क्लासाला तारेचं कुंपण पडलं. सरकारचं धोरण होतं, सरकारी जमिनीवर सोलर प्रकल्प उभे करायचे आणि शेतकऱ्याला दिवसा वीज द्यायची. एका कंपनीला जमीन भाड्यानं मिळाली. वाईट काही नव्हतं त्यात. साप-विंचवात रात्री पिकाला पाणी ओलायचं आमचं सुटणार होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

पार्बताबाईची चाकोरी मात्र तारेशी जाऊन थांबली. गावाला वळसा घालून फाटा दीड कोस पडू लागला. ऑटो कुणासाठी थांबतो? तिची फुलं बाजार उठल्यावर पोहोचू लागली, मान टाकलेली. दसऱ्याचा झेंडू तिनं बाजाराच्या दारातल्या गाईपुढं टाकला.

गीतांजलीनं माहितीच्या अधिकारात पंचायतीचा ठराव काढला आणि आईला वाचून दाखवला. चौदा जानेवारीला महिला सभा भरली, गणपूर्ती झाली, ई-क्लास जमीन सोलर प्रकल्पाला देण्यास हरकत नाही, आणि त्या जमिनीतून कुणाचीही वहिवाट नाही. खाली बायांचे अंगठे. सतराव्या नंबरवर सही, श्रीमती पार्बताबाई. ते रजिस्टर वाणाचं नव्हतं, महिला सभेचं होतं. सभेला बाया कमी पडत होत्या, म्हणून विधवांचा मान निघाला होता.

पार्बताबाईनं कागदावरच्या आपल्या सहीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "रस्ता नेला त्याचं पाहून घेऊ वो. पन मले कुंकू लावून नेला."

दुसऱ्या दिवशी ती खुशालरावांच्या ओट्यापुढं उभी राहिली. आम्ही पाच-सहाजण तिथं चहा पीत होतो.

"भाऊजी, हे काय करून राहिले तुमी?"

"काय केलं, वैनी? सही तर तुमचीच हाये. तुमी तं साक्षर हा ना? वाचून नाई घेतलं?"

ओटा हसला. मीही हसलो. लपवत नाही.

तिनं तहसिलात रस्त्याचा अर्ज टाकला. कंपनीचा वकील म्हणाला, "नकाशात रस्ता नाही, आणि प्रकल्प सार्वजनिक हिताचा आहे."

"मंग मी कोन्त्या हितातली, साहेब?" तिनं विचारलं. वकिलानं फाईल चाळली.

तहसीलदार चांगला माणूस होता. स्वतः येऊन त्यानं कुंपणाखालून आत गेलेली चाकोरी पाहिली, पंचनामा केला, रस्ता मोकळा करा असा हुकूम दिला. कंपनी वर अपिलात गेली. स्थगिती आली. तारखेवर तारीख पडत दोन वर्षं गेली, आणि तेवढे दिवस पार्बताबाई दीड कोस चालली.

मग प्रकल्प सुरू झाला, आणि हिवाळा सरता सरता कंपनीला पाणी लागलं. सोलरच्या प्लेटांवर धूळ बसली की वीज घटते, त्या धुवाव्या लागतात. कंपनीनं बोअर मारलं, तर खारं पाणी. त्यानं धुतलं की प्लेटवर पांढरा थर भाजून बसायचा. धोरणाच्या कागदात जमिनीचा विचार होता, विजेचा होता, पाणी कसं आहे हे कुणी चाखून पाहिलं नव्हतं. आसपास गोड पाण्याची विहीर एकच, नाल्याकाठची, पार्बताबाईची.

कंपनीचा इंजिनिअर शेखर, अमरावतीचा पोरगा, हात जोडून आला. "मावशी, विहिरीवर पाइप टाकू द्या. म्हणाल तो दर देऊ."

"आंधी अपील मांगं घ्या. अन् रस्त्यातलं कुंपन खुशालरावनं काढावं. सोताच्या हातानं. मंग बोलू."

खुशालराव भडकले. पार्बतामुळे गावाची वीज अडली, असं त्यांनी गावभर केलं. वीज खरंच मंदावली होती. पंप धापा टाकत होते. पलीकडच्या वावरातले केशवराव तिच्या बांधावर जाऊन ओरडले, "तुया डुखापायी आमचा गहू वाळून राहिला!"

ती खुरपं न थांबवता म्हणाली, "माया सहीखाली तुमच्याच बायकोचा अंगठा हाये, केशवराव. अठरावा नंबर. घरी जाऊन तिले इचारा, वाण कसं होतं म्हना."

केशवराव आल्या पावली परतले.

प्रकल्पातलं गवत कापायचं काम खुशालरावांच्या पुतण्याकडे होतं. कंपनीनं अपील मागं घेतलं आणि खुशालरावांना सांगितलं, कुंपण काढा, नाहीतर गवताचं काम दुसऱ्याला जाईल. मार्चमधल्या एका सकाळी ते लोखंडी सब्बल घेऊन आले, मागं दोन मजूर. सारा गाव जमला. पार्बताबाई धुऱ्यावर बसली होती.

"मजूर नाई," ती म्हणाली. "सोता."

नऊ खांब होते, सिमेंटात रोवलेले. खुशालरावांनी आधी तार कापली, मग खांद्यावरचा दुपट्टा काढून ठेवला. पाचव्या खांबाला त्यांच्या तळहाताची साल निघाली. कुणी हसलं नाही. नववा खांब पडला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. ते मटकन खाली बसले आणि पाणी मागितलं.

आमच्याकडे प्यायला पाणी कुणी नाकारत नाही. तिनं विहिरीतून बादली शेंदली, तांब्या भरून त्यांच्या हातात दिला. त्यांनी एका दमात संपवला.

"गोड हाये ना, भाऊजी?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि दुपट्टा उचलला.

शेखर पुढं आला. "मावशी, मग उद्या पाइप टाकू?"

"मी म्हनलं होतं, मंग बोलू. आता बोलून राहिली. नाई."

"पण मावशी, रस्ता तर दिला!"

"रस्ता मायाच होता, पोरा. तो तुमी वापस केला. पानीबी मायंच हाये."

त्या संध्याकाळी मी तिला म्हणालो, पार्बता, आता पुरे कर. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी माझ्या वावरात निघून आलो.

आता प्लेटा धुवायला बाळापूरहून टँकर येतो, आठवड्यातून दोनदा. ते दिवस पार्बताबाईला पाठ आहेत. फुलं अकोल्याला पोचवून ती परत येते, धुऱ्यावर बसते, भाकरीचं फडकं सोडते, आणि टँकर पार रिकामा होईपर्यंत त्याच्याकडे पाहत, एकेक घास चावून, जेवते.