तांबड्या थराला पाडलेलं भोक

आमच्या विहिरीच्या तळाला विटेच्या रंगाचा मातीचा थर आहे. त्याच्या वर काळा दगड, खाली काळा दगड. कवठे महांकाळच्या बाजूला अशा विहिरी बऱ्याच, आणि त्यांच्या तळाला बोअर मारत फिरणारेही बरेच. त्यांच्याविरुद्ध मी चार गावांत पत्रकं वाटली. मग बोअरवाला आमच्याच बांधावर आला!

विहीर तीन घरांची, पाणी पाळीनं. थोरल्या घराची पाळी पहिली, आमची मधली, धाकट्या चुलतीची शेवटची. तिच्या मेंढरांना उरतो तो गाळ. म्हणून तिनंच थोरल्या चुलत्याच्या मागं लकडा लावला होता, तळात बोअर मारा.

मी म्हटलं, "काका, पाणी त्या मातीवर थांबलंय. ती फोडली की खाली जाईल."

"मातीवर पानी थांबतंय व्हय? पत्रकात छापलंय का तुज्या?"

मी तिथंच बांधावर बसून समजावलं. लाव्हा आला, थंड झाला, झिजून त्याची माती झाली. काही काळानं वरून दुसरा लाव्हा आला आणि माती गाडली गेली. ही माती आतून पत्त्यांच्या कॅटासारखी असते. पानांच्या फटीत पाणी शिरलं की फुगते आणि आपल्याच भेगा बुजवते. पण गाडलेली माती होती तशी राहत नाही. आसपासच्या दगडातून पोटॅश झिरपत येतं, फटीत जाऊन बसतं आणि पानं जखडून टाकतं. जखडलेली माती फुगत नाही. खोल, उष्णतेत गाडली गेली असती तर सगळीच जखडली असती. आमची उथळात राहिली. कोट्यवधी वर्षांत थोडी जखडली, बरीचशी मोकळी राहिली. त्या मोकळ्या पानांवर आमचं पाणी उभं आहे.

"पोटॅश?" काका म्हणाले. "तवा कुनी टाकलं गं? सबसिडी हुती का?"

बोअरवाला हसला. चुलतीसुद्धा हसली.

"त्यापेक्षा पाळी उलटी करा की. धाकट्या काकूंना आधी द्या."

काकांचं हसू गेलं. ते फौजेतून निवृत्त झालेले. "थोरल्या घराची पाळी आधी. आमच्या आज्यापासनं चालत आलंय. त्यात हात घालायचा न्हाई."

म्हणजे कोट्यवधी वर्षांच्या थरात हात घालायचा, आज्याच्या पाळीत नाही! मला काकांच्या अडाणीपणाचा राग नव्हता. ते अडाणी नाहीतच. त्यांना कळत होतं, पण पाळी सोडवत नव्हती.

काकांनी मशीन विहिरीत उतरवायला लावलं. आधी लाल रबडी वर आली, मग करडी भुकटी. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर दगडावर ओलीची रेघ वर आणि पाणी पार तळाशी. बोअरवाल्यानं काय म्हणावं? "खालच्या दगडाला फटी हायत्या, सगळं पितोय. अजून खाली जावं लागंल."

अजून खाली! मी इतकी ओरडले की पलीकडच्या वस्तीवरची माणसं जमली. त्यांच्यादेखत त्याला सामान आवरायला लावलं.

मग चुलती पदर खोचून विहिरीत उतरली. मीही उतरले. कडेच्या थरातलीच माती खरवडून तिचे गोळे केले आणि भोकात ठासले. भिजल्यावर ती फुगली आणि भोक बरंचसं बुजलं. बरंचसंच. आता पाणी साचतं, पण पूर्वीच्या निम्मंही नाही. ती माती दगडाखाली जशी घडली तशी आमच्या हातानं घडणार नाही, हे कुणाला सांगू?

पुढच्या सोमवारी काकांची पाळी होती. दिवस उगवायलाच चुलती मेंढरं घेऊन विहिरीवर. मोटर चालू केली आणि हौद भरायला लागली.

काका धावत आले. "आगं, आज माजी पाळी हाय!"

"व्हय भावजी, ठावं हाय मला," ती म्हणाली. "मेंढरं पिऊन झाली की घ्या तुमी."

काका मोटरीच्या बटणापाशी उभे राहिले. मी त्यांच्या आणि बटणाच्या मधे जाऊन उभी राहिले. मेंढरं पीत होती.