आत्याचा लाल खडू

आत्या रोज सकाळी दोन कामं करायची. आधी साबण लावून कोपरापर्यंत हात धुवायची, तीनदा. मग मायक्रोमीटर काढून त्यात पाच मिलिमीटरचा एक पोलादी तुकडा धरायची. आकडा बरोबर पाच आला की मान हलवायची आणि मगच चहाचं आधण ठेवायची. आज काय सहा होणार आहेत का, असं बाबा विचारायचे. तुझा भरवसा नाही, याचा तरी असू दे, असं ती आपल्या भावाला ऐकवायची.

बत्तीस वर्षं ती एका कारखान्यात तपासनीस होती. माप चुकलेल्या मालावर ती लाल खडूने फुली मारायची, म्हणून लेथवरची माणसं तिला पाठीमागे ‘लाल खडू’ म्हणायची. कुणी साहेब रदबदली करायला आला की ती मायक्रोमीटर त्याच्यापुढे सरकवायची आणि म्हणायची, "माझ्याशी नको, याच्याशी बोला."

निवृत्तीनंतर परसातल्या पत्र्याच्या खोलीत ती शिशाच्या गोळ्या ओतायला लागली, माझ्या धाकट्या बहिणीसाठी. शिसं पोटात गेलं तर विष, म्हणून ते तीनदा हात धुणं. धाकटी एअर रायफलने शंभर मीटरवर नेम धरते. साच्यातून निघालेली गोळी मुद्दाम जराशी जाड ठेवलेली असते. तिला तेलाचं बोट लावायचं आणि डाय म्हणजे पोलादाच्या नेमक्या भोकातून दांड्याने दाबायची. मापाची होऊन ती खाली पडते. जाड राहिली तर हवेचा जोर तिला नळीतून ढकलण्यातच खर्ची पडतो. बारीक झाली तर हवा कडेने निसटते आणि गोळी डुलत जाते. धाकटीच्या रायफलला मानवणारं माप आत्याने महिनाभर खटपट करून शोधलं होतं: पाच मिलिमीटर आणि एकावन्न शतांश. बावन्न नाही, पन्नास नाही.

त्या वर्षी नेमबाजीच्या ज्युनियर संघात सहा मुली घेणार होते. पुढच्या वर्षी धाकटी त्या वयोगटातून बाहेर पडणार होती. म्हणजे हीच वेळ होती, आणि घरात ते कुणी बोलत नव्हतं.

नेमकं तेव्हाच आत्याचं जुन्या केबलचं मऊ शिसं संपलं. भंगारवाल्याने गाड्यांच्या चाकांना लावतात ती शिशाची वजनं दिली. आत्याने ती वितळवली, दोनशे गोळ्या ओतल्या, त्याच दिवशी डायमधून काढल्या, एकेक मोजली. एकावन्न. दुसऱ्या दिवशी धाकटी पेटी घेऊन निवडीच्या शिबिराला गेली.

आठव्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. निवड उद्यावर आली होती. तीन दिवस गोळ्या भलतीकडेच लागतायत, कोच म्हणतात श्वास चुकतोय, श्वास बदलला, बसणं बदललं, काही उपयोग नाही. माझ्यातच काहीतरी बिघडलंय, असं ती दोनदा म्हणाली.

आत्याने एकच विचारलं. "डावी-उजवीकडे जातायत का?"

"नाही. नुसत्या वर-खाली."

आत्याने फोन माझ्या हातात दिला आणि ती परसात गेली. प्रत्येक लॉटमधल्या दहा गोळ्या ती नमुना म्हणून फळीवर ठेवायची. मी मागोमाग गेले तर ती तिसरी गोळी मोजत होती. बावन्न. चौथी, बावन्न. तिने पोलादी तुकडा काढून मायक्रोमीटर पडताळला. पाच. मग गोळीवर नख दाबलं. खूण उमटली नाही. ती स्टुलावर बसली.

चाकांच्या वजनांत कठीण धातूची भेसळ असते, असं ती सावकाश म्हणाली. असं शिसं ओतल्यावर लगेच मऊ लागतं, पण पडून राहिलं की कडक होत जातं आणि किंचित फुगतं. हे तिला ठाऊक होतं. वर्षानुवर्षं मऊ शिसं वापरून ती ते विसरली होती. मोजलं त्या दिवशी माप बरोबरच होतं. पेटीत पडल्या पडल्या गोळ्या वाढल्या. आता त्या नळीत अडून जात होत्या, प्रत्येकीचा वेग वेगळा, म्हणून कुणी वर, कुणी खाली.

फोनवरच सांगून टाकू, मी म्हणाले.

"आणि डाय? ती फोनमधून पाठवू?"

अर्ध्या तासात आम्ही बसमध्ये होतो. डायसकट दांड्याचं यंत्र पिशवीत, पिशवी तिच्या मांडीवर. चार तासांत तिने एकच गोळी किती वेळा मोजली ते मी मोजलं नाही. बोटांच्या उबेने माप खोटं येऊ नये म्हणून ती रुमालात धरत होती. बस थांबली की घड्याळ बघायची, सुटली की पुन्हा बघायची. मी फोन लावत राहिले, पण सरावात धाकटीचा फोन बंद होता. मध्येच आत्या म्हणाली, मुलगी स्वतःला दोष देत बसली असेल, आणि खिडकीकडे वळली.

शिबिराच्या जेवणघरात दुपारी कुणी नव्हतं. धाकटी पेटी घेऊन आली. तिचे डोळे सुजले होते. आत्याने पेटी टेबलावर ठेवायला लावली, पर्समधून खडू काढला आणि झाकणावर मोठी लाल फुली मारली.

"तुझा श्वास ठीक आहे. लॉट माझा खराब आहे."

धाकटीने फुलीवरून बोट फिरवलं. "तीन दिवस मी स्वतःला शिव्या घालतेय, आत्या."

"हो," आत्या म्हणाली.

मग तिने यंत्र टेबलाच्या कडेला आवळलं. धाकटी एकेक गोळी पुढे करत होती, आत्या दांडा दाबत होती. ऐंशी गोळ्या. तीन वाकड्या गेल्या, त्या तिने बाजूला टाकल्या. कोच डोकावले आणि म्हणाले, आजीबाईंनी इथे कारखानाच काढला की. आत्याने मान वर न करता मायक्रोमीटर त्यांच्यापुढे सरकवला. कोचनी पेटीतली एक गोळी मोजली, मग दाबलेली एक: बावन्न, एकावन्न.

"उद्या दुपारपर्यंत या हलणार नाहीत," ती धाकटीला म्हणाली. "परवाचं मी सांगू शकत नाही."

सकाळी धाकटीची पहिली गोळी खाली लागली. गोळ्या सुधारल्या होत्या, पण तीन दिवसांत शिकलेला चुकीचा श्वास तिच्या अंगात उरला होता. दुसरीही खाली. आत्या निशाणाकडे बघतच नव्हती. तिच्या मुठीत तो पोलादी तुकडा होता आणि नजर धाकटीच्या पाठीवर. मीही तिकडेच बघायला लागले. पाचव्या गोळीनंतर ती पाठ पूर्वीसारखी, सावकाश, वर-खाली व्हायला लागली.

यादीत सहावं नाव तिचं होतं. आत्याने मूठ उघडली तेव्हा तळव्यावर तुकड्याचा चौकोन उमटला होता.

त्यानंतर ती दोन वर्षं होती. प्रत्येक लॉट ओतून चौदा दिवस फळीवर ठेवायची आणि मगच डायमधून काढायची. डब्यावर ओतल्याची तारीख, लाल खडूने. शेवटी दांडा दाबवेना, तेव्हा ते काम धाकटीने घेतलं. आत्या पलंगावरून माप विचारायची.

घरातल्या तिच्या शेवटच्या सकाळी दहा वाजता तिला न्यायला दवाखान्याची गाडी यायची होती. मी तिच्या पायथ्याशी पाव खात बसले होते. धाकटी परसातून आली, एकावन्न म्हणाली आणि माझ्या ताटलीकडे हात केला. आत्याने तिची करडी बोटं पाहिली.

"आधी हात धू."