बाल्कनीतली हजेरी

“सायेब, जरा वर चला. बाल्कनीत येक मास्तर पोरं डावीकडं आन् पोरी उजवीकडं बसवाय लागल्यात,” आमचे डोअरकीपर मारुतीमामा ऑफिसात येऊन म्हणाले.

“कसल्या पोरी?”

“साठीच्या.”

रविवार होता. मॅटिनी सुरू व्हायची वेळ झाली होती आणि तो शो मला बिनतक्रार पार पाडायचा होता. सांगलीतल्या एका जुन्या, एकाच पडद्याच्या थिएटरचा मी मॅनेजर. नववीतला मुलगा, वर्गातली मुलगी आणि वर्षभर खिशातच राहिलेली चिठ्ठी, एवढीच गोष्ट असलेला सिनेमा मी हट्टानं लावला होता. मालकांना, म्हणजे अण्णांना, मारामारीचा हवा होता. शुक्रवार, शनिवार हॉल रिकामा गेला. सिनेमा आणखी एक आठवडा ठेवणं, याला आमच्याकडे होल्डओव्हर म्हणतात. अण्णांनी अट घातली, “मॅटिनी फुल्ल झाला तर होल्डओव्हर. कुणी तिकीट परत केलं, तर उतरवायचा. आन् पुढनं पिक्चर मी निवडणार.”

म्हणून मी माधवनगरच्या एका शाळेची जुनी दहावीची बॅच गाठली. अशा बॅचचे व्हॉट्सअॅप ग्रुप असतात. वर्षातून एकदा स्नेहमेळावा होतो आणि त्यात जुने सर हजेरी घेतात. यंदाचा मेळावा त्यांनी थिएटरात ठेवला. बाल्कनीतल्या निम्म्या सीट त्यांच्या. बाकी सगळा हॉल, मी रविवारपुरती सवलत दिल्यावर, कॉलेजच्या मुलांनी ऑनलाइन बुक केलेला. मेळाव्याबरोबर सरही येतील, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

वर गेलो. पंच्याऐंशीच्या आसपासचे सर पडद्याकडे पाठ करून उभे होते. निवृत्त बँक मॅनेजर, दोन वकील, एक डॉक्टर उंचीप्रमाणे बसत होते. तिकिटाकडे कुणी बघत नव्हतं. ज्यांच्या सीट गेल्या, ती कॉलेजची मुलं जिन्यात उभी होती.

“सर, आमच्याकडे सीट नंबर असतात,” मी म्हणालो.

“माझ्याकडे रोल नंबर असतात. मध्ये उभा राहू नकोस.”

हजेरी सुरू झाली. “हजर सर” म्हणताना वकीलसाहेब उठून उभे राहिले. गुडघे धरून खाली बसले.

जिन्यातली एक मुलगी पुढे आली. “सर, आमची तिकिटं शेजारशेजारची आहेत.” मागे एक मुलगा खाली मान घालून उभा होता.

“कितवीत?”

“बीकॉम, सेकंड इयर.”

“विषय राहिलेत?”

मागनं मुलगा म्हणाला, “माझे दोन.”

“मग तू पहिल्या रांगेत. तू उजवीकडे.”

आता हे दोघं तिकीट परत करणार, असं मी धरून चाललो. मुलगा निमूटपणे पहिल्या रांगेत गेला. मुलगी उजवीकडे दोन आज्यांच्या मधे बसली. त्यांनी तिला शेंगदाण्याचा लाडू दिला. बाकीची मुलंही मोबाइल खिशात घालून, सर दाखवतील तिथं बसली.

शो का सुरू होत नाही, हे बघायला अण्णा वर आले. सरांनी चष्मा वर केला.

“शाळेच्या भिंतीवरनं उडी मारून पळायचास तो तूच ना रं?”

“न्हाई... व्हय सर.”

“बस.”

अण्णा बसले. स्वतःच्या थिएटरात अख्खा सिनेमा त्यांनी पहिल्यांदाच बघितला. सरांनी मलाही मारुतीमामांशेजारी बसवलं.

अंधार झाला. पडद्यावरचा मुलगा चिठ्ठी खिशातून काढायचा आणि परत ठेवायचा. तिसऱ्यांदा ठेवली तेव्हा वकीलसाहेब ओरडले, “दे की रं गड्या!” त्याच सेकंदाला कॉलेजची पोरंही तेच ओरडली. दोन्हीकडनं दोन-चार शिट्ट्या आल्या. उजवीकडच्या एक आजी मोठ्यानं म्हणाल्या, “न्हाई देत. आमच्या वर्गातलं बी असंच हुतं येक.” डावीकडच्या शिट्ट्या थांबल्या.

“अजून हायती काय ते?” बीकॉमच्या मुलीनं विचारलं.

“हाय की. बँकेतनं रिटायर झालंय. तिसऱ्या रांगेत बसलंय.”

सगळा हॉल तिकडे वळला. पडद्याकडे एकटे सर बघत होते.

शो सुटला. एकही तिकीट परत आलं नाही. जाताना सर अण्णांना म्हणाले, “पुढच्या रविवारी तुमची बॅच. मी येतो.”

सर पायऱ्या उतरून जाईपर्यंत अण्णा हात जोडून उभे होते. मग म्हणाले, “होल्डओव्हरचा बोर्ड लाव. आन् त्यांना सांग, मी बाहेरगावी हाय.”

सिनेमा आणखी एक आठवडा चालला. अण्णा त्या रविवारी आले आणि मुकाट दुसऱ्या रांगेत बसले. कुठला सिनेमा कुठल्या वयासाठी, याचं भाकीत वितरक आजही मला फोनवर सांगतात. मी ऐकून घेतो. फक्त शाळेचा सिनेमा असला, की बाल्कनीची तिकिटं सीट नंबर न घालता विकतो.