ब्रेक लागला की मिळाला?

त्या दिवशी मखमलाबादला एवढं दाट धुकं उतरलं होतं, की झेंडूच्या वाफ्यात उभा राहिलो तर माझीच पावलं मला दिसेनात. गारठा असा, की कानावरचा मफलर सोडवत नव्हता. अशा हवेत माणसानं कानावर आलेल्या गोष्टीचा फार भरवसा धरू नये. मी धरला. आणि मग साऱ्या गल्लीदेखत माझी जी शोभा झाली, ती आता हा चहा निवेपर्यंत ऐकाच!

आमच्या शेजारच्या शांताबाईचा संदीप टीव्हीत काम करतो. मी शाळेची पायरी न चढलेला माणूस, पण चौकशीची खोड भारी. झेंडूचं रोप उचलून कुठं लावलं म्हणजे फोफावतं, हे मला कळतं. माणसाचं कसं होत असेल? म्हणून रोज संध्याकाळी मी शांताबाईच्या टीव्हीपुढं.

पहिल्या मालिकेत संदीप चहाचा ट्रे ठेवून गेला. मी शिंकलो, तेवढ्यात गेलासुद्धा! दुसरीत हवालदार झाला. "चला साहेब" एवढंच बोलला. तिसरीत मात्र थोरल्या सुनेचा दीर! रोज दिसायचा, रोज रडायचा. मी म्हटलं, मूळ धरलं बरं का रोपानं!

आणि एका संध्याकाळी काय? त्या दिराला ट्रकनं उडवलं. फोटोला हार! झेंडूचा, आणि तोही शिळा.

दुसऱ्या दिवशी हे असं धुकं. शांताबाई कुंपणापाशी आली ती डोळ्याला पदर लावूनच.

"आबा, संदीपला ब्रेक मिळाला हो!"

आता तुम्हीच सांगा, ब्रेक म्हटलं की काय होतं? गाडी थांबते! काल फोटोला हार, आज ब्रेक, वर आई रडतेय. माणसानं दुसरं समजायचं तरी काय?

"आन् मालिका?" मी हळूच विचारलं.

"सुटली की! आता मोठा पडदा, आबा!"

"पडदा काय, कधी ना कधी पडतोच, बाई. धीर धर."

ती माझ्याकडं बघतच राहिली. पुढं काही सांगणार, तर मीच हात आडवा केला. "राहू दे. बोललीस की आणखी भरून येईल." जन्मभर नको तिथं चौकश्या करणारा मी, नेमका त्या दिवशी गप्प बसलो!

पण जिवाला चैन पडेना. जवान पोराचं काम गेलं, आता करायचं काय? माझा भाचा रघू अंबडला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. लावला फोन.

"रघू, एक जागा बघ रे. घरच्या पोरासारखा हाय."

"मामा, एकच जागा हाय, आन् तिच्यावर साहेबाच्या मेव्हण्याचा डोळा हाय."

"मेव्हण्याला म्हणावं, थांब. त्याला काय ब्रेक लागलाय का?"

शेवटी रघूनं साहेबाकडं शब्द टाकला. सोमवारी पोरगा हजर झाला नाही, तर रघूची अब्रू जाणार. आणि रघूपुढं माझी!

रविवारी संदीप आला. मागं अख्खी गल्ली! मला वाटलं, वा, अजून माणुसकी आहे, लोक समाचाराला आलेत. जवळ जाऊन बघतो तर जो तो मोबाइल उंचावून फोटो काढतोय! कधी आवाज न चढवणारा मी, पण त्या दिवशी चढला.

"लाज वाटत नाय? पोराच्या पोटावर पाय आलाय, आन् तुम्ही फोटो काढताय?"

सगळ्यांचे मोबाइल खाली आले. संदीप वाकून माझ्या पाया पडला.

"कुणाच्या पोटावर, आबा?"

"तुझ्याच की! ब्रेक लागला ना तुला?"

"लागला नाय, आबा, मिळाला! सिनेमात हिरोचं काम मिळालं. मी मालिका सोडली, म्हणून तर त्यांनी ट्रकखाली घातलं मला!"

अरे देवा! म्हणजे टीव्हीत मेल्याशिवाय सिनेमाचा स्वर्ग दिसत नाही होय? एवढ्या मालिका बघितल्या, पण हे गुपित काही मला उमगलं नव्हतं.

लोक हसून हसून लोळायचे बाकी होते. मला मात्र डोळ्यांपुढं रघू दिसत होता.

"मग... उद्या अंबडला नाय जायचं? तुझ्या नोकरीसाठी भाच्याकरवी साहेबाला शब्द दिलाय रे मी."

"तुमच्या भाच्याच्या साहेबांशी मी स्वतः बोलतो, आबा. तुमचा शब्द खाली नाय पडणार. पण तिथं काम काय होतं, ते तरी सांगा!"

"लय सोपं. बसून करायचं. समोर ढीग असतो. एका डब्यात बोल्ट, दुसऱ्या डब्यात नट, मोजून भरायचे."

संदीप पोट धरून खालीच बसला. शांताबाई मात्र पदर खोचून पुढं आली.

"काय हो आबा! मी जन्म घालवून पोराला नट केला, आन् तुम्ही त्याला डब्यात घालायला निघालात व्हय!"