मेमसाबचा डावा पाटा

नोर्देन शेर्पाची गाडी दरीत गेली त्या आठवड्यात आसबीर तामाङ बायकोला म्हणाला, "आजपासून भिंतीकडं मी झोपतो. कडेला वारा लागतो." लग्न झाल्यापासून भिंतीकडची बाजू सुकमायाची होती आणि इतक्या वर्षांत कडेला वारा कधी लागला नव्हता. तरी तिनं आपली उशी उचलून कडेला ठेवली आणि पांघरूण झटकायला घेतलं.

आसबीर काही लेचापेचा माणूस नव्हता. मानेभंज्यांगहून संदकफूला चढणारा रस्ता तेव्हा नुसत्या दगडांचा होता. पायी जाणाऱ्याचे घोटे सुजायचे. त्या रस्त्यावर फक्त जुन्या लँडरोव्हर टिकायच्या, आणि त्या चालवणारे ड्रायव्हर स्वतःला अख्ख्या दार्जिलिंगचे जावई समजायचे. आसबीर त्यांच्यातला जुना. बाप चहामळ्याच्या भट्टीवर होता, पोरगा मळ्याच्या साहेबाची गाडी धुवायचा. धुता धुता चालवायला शिकला, आणि मळा डबघाईला येऊन गाड्या विकायला निघाल्या तेव्हा आईचे दागिने मोडून तीच गाडी घरी घेऊन आला. गाडी त्याच्याहून वयानं थोरली. थोरलीला नावानं हाक कशी मारायची, म्हणून तो तिला मेमसाब म्हणायचा. नवी नवरी असताना सुकमाया म्हणाली होती, "सवत असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या. हिचं काय उपटू?" पण मेमसाबनंच तांदूळ वर नेला, आजारी माणसं खाली आणली, दोन पोरींची लग्नं लावून दिली. आसबीरला दुसरं काही येत नव्हतं आणि यावं असं त्याला कधी वाटलंही नव्हतं.

मग त्याच रस्त्यावरचा ड्रायव्हर नोर्देन गेला. गैरीबासच्या वर बाख्रे वळण म्हणून एक जागा आहे. चढताना तिथं दरी डाव्या हाताला येते. दगडांवर बर्फ धरलं असेल तर तिथं माणूस लावायची पद्धत आहे. म्हणजे एकानं खाली उतरायचं, डोंगराकडच्या पायरीवर उभं राहायचं आणि छताची दांडी धरून अंग बाहेर झोकून द्यायचं, की गाडीचं वजन डोंगराकडं राहतं. त्या दिवशी नोर्देन गाडीत एकटा होता. मागून आसबीर येत होता, त्याच्याकडचा माणूस मागता आला असता. नोर्देननं खिडकीतून हात काढून नुसता हलवला, कशाला थांबायचं म्हणून. त्याची गाडी उडाली नाही की धाडकन घसरली नाही. ती डाव्या अंगावर सावकाश टेकली, उजवं चाक हवेत फिरलं, आणि मग तिथं फक्त रस्ता होता.

त्या दिवसापासून मेमसाब डावीकडं कलायला लागली.

ती कलते हे दुसऱ्या कुणाला दिसत नव्हतं. स्टँडवर उभी असली की सरळ, आसबीर बसला आणि चढ लागला की डावी बाजू खाली खाली जाते असं त्याला वाटायचं. बाख्रे वळणाच्या बरंच आधीपासून त्याचे तळवे ओले व्हायचे. तो डोंगराकडं इतका सरकून बसायचा की दाराचा दांडा बरगडीत रुतायचा. शेजारच्या प्रवाशाला कळू नये म्हणून मोठ्यानं बोलत राहायचा, आणि नेमकं वळणावर बोलणं तुटायचं. ड्रायव्हर भ्यालाय ही बातमी स्टँडवर एकदा फुटली की त्याच्या गाडीत कुणी पोतंसुद्धा ठेवत नाही. म्हणून त्यानं ठरवलं की दोष गाडीचा आहे. मनाचा दोष कुठल्या गॅरेजात न्यायचा?

गाडी त्यानं साइला मिस्त्रीकडं नेली. मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे गुम्पाच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या, मागची एक सपाट फरशी. म्हातारा आधी पुढच्या बंपरवर चढून दोन उड्या मारायचा, मग मागच्यावर. चाकांवरचे पाटे, म्हणजे गाडीचं वजन झेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या कमानी, आपापल्या जागी बसले की बांबूची पट्टी घेऊन आत शिरायचा आणि ॲक्सलपासून चेसिसपर्यंत उंची मोजायचा. त्यानं चारी चाकं मोजली आणि आसबीरला सीटवर बसवून पुन्हा मोजली.

"सरळ आहे," तो खालूनच म्हणाला.

"दाजू, नीट बघा. डावीकडं बसलीय." आसबीर त्याला थोरला भाऊ मानून दाजू म्हणायचा.

"अरे, उजवा पाटा मुळातच नखभर उंच असतो. तू तिकडं बसतोस, तेलाची टाकी तिकडं. बनवणाऱ्यानं तुझं वजन धरूनच बनवलाय. तू बसलास की दोन्ही बाजू सारख्या. झाल्याच आहेत."

"मी बसल्यावरच कलते ती."

साइला मिस्त्री गाडीखालून बाहेर आला, हात पुसले आणि त्याच्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिला. "मग भाइ, जे कललंय त्याला माझा पाना लागत नाही. थोडे दिवस स्टँडवरचा नंबर सोड. घरी बस, नाचणीचा गरम तोंबा पी, बायकोच्या शिव्या खा."

आसबीर हसला आणि मनातून संतापला. नंबर सोडायला सांगणारा हा कोण? आज नंबर सोडला तर उद्या पोरं विचारणार, परवा हसणार.

गोठ्यामागं एक जुना पाटा गंजत पडला होता. हाटाच्या दिवशी गल्ली रिकामी असते, ते बघून त्यानं मेमसाबला जॅकवर चढवलं आणि सुकमायाला हाक मारली.

"मिस्त्री कुठं गेला?" तिनं विचारलं.

"त्याला वेळ नाही."

मिस्त्रीला वेळच वेळ होता, हे तिला मिस्त्रीच्याच बायकोनं सकाळी सांगितलं होतं. तरी तिनं पदर खोचला आणि पाना धरला. दोघांनी मिळून डावी कमान सोडवली, तिच्यात तो जादा पाटा घातला, घामाघूम होऊन पुन्हा चढवली. आता उरले होते कमान चेसिसला धरून ठेवणारे शॅकलचे बोल्ट. गॅरेजात चार दिवस झाडू मारलेल्यालाही ठाऊक असतं की हे बोल्ट चाकं जमिनीला टेकवून, गाडीत माणसं बसवून मगच आवळायचे. आधीच आवळले तर आतलं रबर पिळून बसतं आणि पाटा खाली यायला तयार होत नाही. आसबीरला हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणायचं? पण चाक लोंबकळत असताना डावी बाजू इतकी छान उंच दिसत होती, की ती तशीच राहावी असं त्याला वाटलं. त्यानं जॅकवरच बोल्ट आवळून टाकले.

गाडी खाली उतरवल्यावर तो चार पावलं मागं गेला. "आता बरी आहे."

सुकमायानं बघितलं. कान दुखणारा माणूस मान कशी धरतो, तशी मेमसाब उजवीकडं मान टाकून उभी होती. ती म्हणाली, "उद्या मी पण येते. कालपोखरीला बहिणीकडं जायचंच होतं."

दुसऱ्या दिवशी गाडीत तांदळाची पोती आणि गॅसच्या टाक्या होत्या. आसबीरनं त्या सगळ्या डावीकडं लावल्या आणि गाडी सरळ झाली. ऊन पडलं होतं. बाख्रे वळणावर नोर्देनच्या नावानं लावलेले प्रार्थनेचे झेंडे फडफडत होते. आसबीरनं तिकडं बघितलं नाही. डावी बाजू खाली गेली नाही, चाकं दगड धरत गेली, वळण मागं पडलं. किती तरी दिवसांनी त्यानं शीळ घातली. सुकमाया डाव्या खिडकीशी बसली होती, ती बाहेर बघत राहिली.

कालपोखरीला मेहुणीच्या लॉजपुढं माल उतरला. चहा झाला. आसबीर कप हातात घेऊन बाहेर आला आणि रिकामी मेमसाब त्याच्या समोर उभी राहिली. पोती गेल्याबरोबर तिची डावी बाजू वर उसळली होती आणि उजवी खाली गेली होती. साडू बाजूला लाकडं फोडत होता. तो म्हणाला, "काय रे, मेमसाब लंगडायला लागली का?"

चढताना दरी डावीकडं असते. उतरताना ती उजवीकडं येते, ड्रायव्हरच्या सीटखाली. इतकी वर्षं त्या रस्त्यावर घालवलेल्या माणसाला हे कुणी सांगायला नको होतं. पण भ्यालेल्याला जाताना दिसतं, येताना दिसत नाही. ज्या दरीपासून त्यानं गाडी उचलली होती, तिच्यावरच ती आता वाकणार होती. त्यानं कपातला उरलेला चहा ओतून टाकला.

खाली न्यायला माल नव्हता. संदकफूकडून काळं आभाळ खाली येत होतं, थांबलं तर रस्ता दिवसच्या दिवस बंद. साडूकडं दोन माणसं आणि चार पाने मागितले असते तर पाटा तिथंच निघाला असता. पण मग तो घातला का, हे सांगावं लागलं असतं. आसबीर म्हणाला, "चल, निघू."

वाटेत त्यानं डाव्या बाजूला दगड भरून बघितले. बर्फात रुतलेले दगड, हाताला लागले तेवढे. पहिल्याच दणक्याला ते गडगडत उजवीकडं आले आणि गाडी आणखी झुकली. त्यानं ते बाहेर फेकून दिले. डावं चाक जादा पाट्यामुळं खड्ड्यात उतरतच नव्हतं, वरच्या वर तरंगत होतं. जिथं चाक टेकत नाही तिथं ब्रेक लागणार कशाला?

बाख्रे वळणाच्या अलीकडं तो थांबला. ऊन गेलं होतं आणि दुपारी वितळलेलं पाणी दगडांवर पुन्हा गोठलं होतं. वळणापुढं काहीच दिसत नव्हतं, धुकं आणि त्यात हलणारे झेंडे. आसबीरचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. त्याला काढायचे होते, पण ते निघतच नव्हते.

"सुकमाया, तू उतर. चालत पुढं हो. मी घेऊन येतो."

"आणि आलास नाही तर?"

आसबीर समोरच्या धुक्याकडं बघत राहिला.

"नोर्देनला तू बघितलंस," ती म्हणाली. "त्याचं काय झालं ते राहू दे, तुझं काय झालं ते मी रोज बघतेय. मला तसलं काही बघायचं नाही."

"मला भीती वाटते," आसबीर म्हणाला. एवढं बोलायला त्याला सगळा हिवाळा लागला होता.

"माहीत आहे. भिंतीकडं झोपायला लागलास तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला ऐकायचं नव्हतं. पाना धर म्हणालास, मी पाना धरला." तिनं डावं दार उघडलं, खाली उतरली आणि पायरीवर उभी राहिली. छताची दांडी धरली. मग एका हातानं कमरेचा पटका सोडला, त्याचं टोक दांडीला गुंडाळलं आणि मनगटाला गाठ मारली.

"ते कशाला? कलंडली तर उडी मारायला हवी तुला."

"बोटं गारठलीत, धरवत नाही. तू समोर बघ."

तिनं अंग डोंगराकडं झोकून दिलं. आसबीरनं क्लच सोडला. गाडी उजवीकडं वाकली, वाकतच गेली, आणि त्याच्या खिडकीतून त्याला सरळ खालचं धुकं दिसलं. डावं चाक उचललं गेलं. त्याला वाटलं, हे असंच असतं, सावकाश. पलीकडून सुकमायाचा आवाज आला, "मी आहे इकडं. चल." ती आणखी बाहेर लोंबली, इतकी की तिची पाठ कड्याला घासत होती. चाक खाली आलं, एका दगडावर टेकलं, घसरलं, पुन्हा टेकलं. आसबीरनं ब्रेकला पाय लावला नाही. बापाचं नाव घेतलं, नोर्देनचं घेतलं, मेमसाबची माफी मागितली. वळण सरलं तेव्हा त्याच्या पँटचा पुढचा भाग ओला होता आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

सुकमायाच्या मनगटाची गाठ त्यानं दातांनी सोडवली. पटक्यानं तिची कातडी सोलली होती. आसबीरला हुंदका आला आणि त्यानं तो येऊ दिला.

सकाळी गाडी पुन्हा गुम्पामागच्या फरशीवर उभी होती. साइला मिस्त्रीनं जादा पाटा काढून बाजूला फेकला, नवं रबर बसवलं. काय झालं ते आसबीरनं त्याला सगळं सांगितलं, भिंतीकडच्या उशीसकट. मिस्त्री हसला नाही. चाकं जमिनीवर टेकवून तो गाडीखाली शिरला आणि नुसती टोपी बाहेर राहिली.

"बोल्ट आवळायचेत. तुझ्या जागेवर बस, भाइ."

आसबीर बसला. मेमसाब थोडी दबली.

"आता डावीकडं. तिकडं रोज जे वजन असणार ते ठेव, त्या हिशेबानं आवळतो. काय ठेवतोस, पोतं?"

आसबीर पोतं आणायला उतरणार, तेवढ्यात डावं दार उघडलं. सुकमाया आत येऊन बसली, मनगटाला फडकं बांधलेली. तिनं दार ओढून घेतलं.

"माझं धरा, दाजू," ती म्हणाली.

"रोज येणार, बुहारी?" मिस्त्रीनं धाकट्या भावाच्या बायकोला विचारावं तसं विचारलं.

"रोज. घरी बसून वाट बघणं मला आता जमायचं नाही."

आसबीरनं तिच्याकडं बघितलं. फरशी सपाट होती, गाडी बंद होती, दरी कोसभर लांब होती. तरी तिनं दाराचा दांडा असा धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती. तीही भीत होती. किती दिवसांपासून, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. चढताना दरी तिच्या बाजूला येणार होती.

"आवळू का?" मिस्त्रीनं खालून विचारलं.

आसबीरनं तिची बोटं दांड्यावरून एकेक करून सोडवली आणि आपल्या हातात घेतली.

"आवळा, दाजू."